पात्याला धार लावणं कसं थांबलं

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्याकडे नवा फ्लॅटबेड कटर (सपाट टेबलावर पुठ्ठा, फोम आपोआप कापणारं यंत्र) आला की थोड्याच दिवसांत हा प्रश्न निघतो: बोथट पात्याला धार लावून मिळेल का? प्रश्न चुकीचा नाही. त्यामागे या भागाची शंभरहून अधिक वर्षांची सवय आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढे त्यांनी जी पहिली यंत्रं केली, त्यांत कडबा कापायचं यंत्र होतं. १९१० मध्ये ते कुंडलच्या माळावर गेले, कडबाकुट्टी मात्र इथल्या गोठ्यांत राहिली. तिच्या चाकाला बोल्टने आवळलेलं पोलादी पातं शेतकरी स्वतः काढायचा, कानस मारायचा किंवा लोहाराकडे टाकायचा, आणि परत चढवायचा. अथणी-निपाणीकडच्या चपला करणाऱ्यांची रांपीही अशीच, काम करता करता दगडावर घासायची. पोलाद हे सगळं सोसतं.

फ्लॅटबेडची पाती मात्र कार्बाइडची, म्हणजे टंगस्टन आणि कार्बन यांच्या फार कडक संयुगाची. या कार्बाइडचा जन्मच वेगळ्या गरजेतून झाला. विजेच्या दिव्यातली टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याचे साचे लागत आणि ते फार महाग पडत. बर्लिनमध्ये ओसराम या दिव्यांच्या कंपनीसाठी काम करणाऱ्या कार्ल श्रोटरने टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टबरोबर दाबून भट्टीत एकजीव करण्याची रीत काढली. पेटंटचं साल १९२३. क्रुप या जर्मन कंपनीने तोच माल ‘विडिया’ नावाने विकायला काढला. १९६० च्या दशकात विडियाचं काम बेंगळुरूत आणि सँडविक या स्वीडिश कंपनीचं पुण्याजवळ दापोडीला सुरू झालं. लेथ चालवणारे जुने टर्नर अजून कुठल्याही कार्बाइडला विडियाच म्हणतात, मग डब्यावर नाव कोणाचंही असो.

लेथवर सुरुवातीला कार्बाइडलाही धार लावायचे. पोलादी दांड्याला पितळेने जोडलेली टिप, ती हिरव्या चाकावर घासायची, आणि हे काम ज्याच्या हाताला जमे त्याला शॉपमध्ये मान असे. मग स्क्रूने आवळायचे इन्सर्ट, म्हणजे कार्बाइडचे छोटे तयार तुकडे आले. एक कोपरा गेला की फिरवा, सगळे कोपरे संपले की टाका. धार लावणाऱ्याचा मान खरा तिथेच संपला. फ्लॅटबेडची पाती पुढे त्याच वाटेने गेली.

सपाट टेबलावर आपोआप कापणारी यंत्रं आधी कापडासाठी झाली. अमेरिकेत जोसेफ गर्बर यांचा कटर १९६९ मध्ये आला. कापडाच्या थरांत वर-खाली चालणाऱ्या त्याच्या पोलादी सुरीला यंत्रातच धार लावायची सोय पुढे रुळली. पुठ्ठा, फोम, गॅस्केटचा (सांध्यातली गळती थांबवणाऱ्या चकतीचा) पत्रा, काचतंतू कापायला मात्र लहान कार्बाइड पाती आली. स्वित्झर्लंडमधल्या आल्टश्टेटनची झुंड (स्थापना १९८४) आणि नॉर्वेची कोंग्सबर्ग यांनी पात्याचा दांडा (यंत्रात बसणारा भाग) आपापल्या परीने ठरवला, कुठे चपटा, कुठे गोल. म्हणून बदली पातं मागवताना आधी दांडा बघायचा, जाडी बघायची (०.६३ मिमी आणि १.५ मिमी यांत गल्लत झाली तर पातं धारकात बसतच नाही), बाकीचं नंतर.

आता धार का नाही? एक पातं हातात घ्या. चपटं, दोन-अडीच सेंटिमीटर लांब, टोक तिरकं. यंत्र वळणावर हे पातं त्याच्या अक्षाभोवती फिरवतं, आणि टोक नेमकं कुठे आहे हे गृहीत धरूनच सगळा हिशेब करतं. घासल्यावर टोक जरासं मागे सरकलं की कोपऱ्यातल्या दोन रेषा एकमेकींना भेटत नाहीत आणि कापाची खोलीही पुन्हा लावावी लागते. शिवाय कार्बाइड नीट घासायला हिऱ्याचं चाक लागतं. साध्या चाकावर धारेचे बारीक टवके उडतात, दहापट भिंगातून ते करवतीसारखे दिसतात, आणि पुठ्ठ्याच्या कडेला लव सुटते.

टवक्यांचं मूळ श्रोटरच्या त्याच कोबाल्टमध्ये आहे. कोबाल्ट वाढवला की पातं चिवट होतं पण लवकर झिजतं. कमी केला की कडक आणि ठिसूळ. त्यामुळे ‘सगळ्यात कडक द्या’ ही मागणी मला पटत नाही. चिकणमाती आणि खनिज भुकटी असलेला पुठ्ठा धार खातो, तिथे कडक पातं ठीक. जाड रबरात जिथे पात्यावर बाजूने जोर येतो, तिथे तेच पातं कोपऱ्यावर मोडतं. लांबीचंही तसंच: मालाच्या जाडीला जेमतेम पुरेल इतकंच लांब घ्यावं. लांब पातं लवतं आणि काप तिरका उतरतो. टोकाची धार तिरकी असल्याने वरच्या पृष्ठभागावर काप कोपऱ्याच्या पुढे जातो, आणि माल जितका जाड तितका जास्त.

बेळगावकरांचा खरेदीचा रस्ता पूर्वीपासून कोल्हापूर-पुण्याकडेही आहे. जीएसटीआधी राज्याबाहेरच्या मालाला सी फॉर्म (सवलतीच्या विक्रीकरासाठीचा कागद) जोडायची कटकट होती, ती १ जुलै २०१७ ला गेली. भावाचं मूळ मात्र फार लांब आहे. जगातला बहुतांश टंगस्टन चीनमधून निघतो, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. राजस्थानात देगाण्याला आपली खाण होती, ती बंद पडून बरीच वर्षं झाली. म्हणून मोडकी पाती लोखंडाच्या भंगारात टाकू नयेत. कार्बाइडचं भंगार किलोवर वेगळ्या भावाने जातं, आणि त्यातून टंगस्टन पुन्हा काढतात.