खंबाटकी चढणाऱ्या गाडीला रेसचा कॅम?

भाचा रोज साताऱ्याहून शिरवळला नोकरीला जातो, तोही दोन दारांच्या, बिनटर्बोच्या स्पोर्ट्स कारमधून. गेल्या महिन्यात त्याने फोनवर एका कॅमशाफ्टचा फोटो दाखवला. ड्युरेशन 280 अंश. "मामा, हा बसवला की गाडी नुसती उडेल." उडेलही. पण कधी?

कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे, म्हणजे लोब, असलेला दांडा. क्रँकचे, म्हणजे पिस्टनच्या खालीवर होण्याने फिरणाऱ्या इंजिनच्या मुख्य दांड्याचे, दोन फेरे झाले की याचा एक होतो. लोब किती उंच आहे त्यावर व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात हवा आत-बाहेर सोडणारी झडप, किती उघडणार (याला लिफ्ट म्हणतात) हे ठरतं, आणि किती रुंद आहे त्यावर किती वेळ उघडा राहणार हे. हा काळ क्रँकच्या अंशांत मोजतात, तेच ड्युरेशन. समजा व्हॉल्व्ह 240 अंश उघडा आहे. 800 आरपीएमच्या, म्हणजे क्रँकच्या मिनिटाला 800 फेऱ्यांच्या, आयडलिंगला हवेला आत शिरायला 50 मिलिसेकंद मिळतात, 6000 ला सातही नाहीत. रेसवाले म्हणूनच जास्त ड्युरेशन घेतात.

रविवारी संध्याकाळी साताऱ्याच्या स्टँडवर पुण्याची एसटी भरताना बघा. मागून रेटा असला की भरलेल्या बसमध्येही आणखी चारजण शिरतात. तेव्हा दार उशिरा लावलेलं बरं. रेटा नसताना दार उघडं राहिलं, तर आतल्यांनी जरा अंग हलवलं तरी पायरीवरचे खाली येतात. हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्हही पिस्टन तळाला पोचल्यावर थोडा वेळ उघडाच असतो. जास्त आरपीएमला वेगात आलेली हवा त्या वेळातही आत घुसत राहते. कमी आरपीएमला तेवढा रेटा नसतो. वर येणारा पिस्टन तीच हवा परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आणणाऱ्या नळ्यांत, ढकलतो. कॉम्प्रेशन पडतं, पिकअप जातो.

दुसरी भानगड ओव्हरलॅपची. काही क्षण इनटेक आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट, दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असतात. ड्युरेशन वाढलं की सहसा ओव्हरलॅपही वाढतो, आणि आयडलिंगला जळका धूर उलटा इनटेककडे येतो. भाच्याला जो 'खडखड-गडगड' आवाज हवा आहे, तो या बिघडलेल्या श्वासाचाच! शिवाय मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम घटतो, आणि ब्रेकच्या पेडलला जोर देणारा ब्रेक बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. घाट उतरताना ॲक्सिलरेटर सुटलेला आणि आरपीएम चढलेले असतात, त्यामुळे तिथे सहसा निभावतं. पोवई नाक्यावर एसी लावून, दर दहा फुटांवर ब्रेक दाबत सरकताना मात्र पेडल कडक लागू शकतं. जळलं नसलेलं पेट्रोलही धुराड्यातून जातं, म्हणजे पीयूसीला डोकेदुखी.

कॅम घेताना एक चकवा लक्षात ठेवा. जाहिरातीतलं ड्युरेशन व्हॉल्व्ह जेमतेम हलल्यापासून मोजलेलं असतं, आणि 'जेमतेम' प्रत्येक कंपनीचं वेगळं. तुलना करायची तर ठरावीक लिफ्टचा, म्हणजे 1 किंवा 1.27 मिलिमीटरला मोजलेला आकडा मागा, आणि दोन्ही कॅमना लिफ्ट तीच आहे ना, तेही बघा.

भाच्याला मी एकच काम दिलं: आठवडाभर आरपीएमचा काटा बघ. हायवेला 3000 च्या आत. परतताना खंबाटकीत ट्रकमागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला 2000 ते 3500. आठवड्यात 6000 गाठलं दोनदा, तेही मला दाखवायला. 280 चा कॅम जिथे जागा होतो, तिथे ही गाडी जातच नाही! शेवटी 264 ठरला, थोड्या जास्त लिफ्टचा. सोबत नव्या व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, ट्यूनिंग. नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतो, तेव्हा आरटीओत आधी विचारून घेतलं.

लिफ्ट वाढली की व्हॉल्व्ह पिस्टनला भिडण्याची भीती. मेस्त्रींनी भाच्याच्या पोरीची खेळायची क्ले मागवली, पिस्टनवर थापली, हेड बसवून क्रँक हाताने दोन फेरे फिरवला आणि हेड पुन्हा उतरवलं. क्लेमध्ये व्हॉल्व्हचा गोल ठसा उमटला होता. ब्लेडने कापून व्हर्निअर लावला: सगळ्यात पातळ जागी 2.9 मिलिमीटर.

"दोन-अडीच पुरे असतात," मेस्त्री म्हणाले, आणि क्ले डबीत भरून परत दिली.