परसातला अडुळसा, गडग्यावरचा धोतरा: कोकणातल्या दम्याच्या औषधांची पार्श्वभूमी

दम्यावर घरगुती काय, असं विचारलं तर कोकणात कुणीही चार नावं पटकन सांगेल: अडुळसा, तुळस, आलं, पिंपळी. धोतऱ्याचं नाव सहसा निघत नाही, आणि निघालंच तर आसपास लहान मूल नाही ना, हे बघून. या औषधांचा इतिहास चाळला की मात्र न सांगितलं जाणारं हे नावच अधिक महत्त्वाचं ठरतं. दम्याला इथे दोन तऱ्हेची झाडं वापरली जात. एक तऱ्हा परसात आणि स्वयंपाकघरात रुळलेली, सौम्य, घरातल्या बाईने अंदाजाने द्यावी अशी. दुसरी विषारी, जाणत्या हातानेच द्यायची. आज आपण ज्याला गावठी उपाय म्हणतो तो पहिल्या तऱ्हेचा वारसा. दुसरी तऱ्हा बोटीत बसून परदेशी गेली आणि वेगळ्या रूपात दवाखान्यात परतली.

दुखणं जुनंच आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सतरावा अध्याय उचकी आणि श्वास या दोन विकारांचा आहे. श्वासाचे पाच प्रकार त्यात सांगितले आहेत आणि त्यांतला तमक श्वास आजच्या दम्याच्या सगळ्यात जवळचा. आभाळ भरून आलं, पाणी-थंडी वाढली, पूर्वेचा वारा सुटला की तो बळावतो. रोगी आडवा झाला की घुसमटतो, उठून बसला की त्याला बरं वाटतं, ऊन ऊन हवंसं वाटतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या किनाऱ्यावर हे वर्णन कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पूर्वेचा वारा तेवढा इथे जुळत नाही. आपल्याकडे पाऊस आणतो तो नैऋत्येचा वारा. ग्रंथातली हवा उत्तरेची आहे. त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे, जी 'मुळासकट बरा करतो' म्हणणारे कधी सांगत नाहीत: तमक श्वास नवा असेल तर बरा होतो, एरवी तो याप्य, म्हणजे औषध चालू असेतो आटोक्यात राहणारा.

चरकाने श्वास कमी करणारी म्हणून दहा द्रव्यं एकत्र दिली आहेत. त्यांत तुळस आहे, वेलची आहे, हिंग आहे, भाताच्या बांधावर उगवणारा भुईआवळाही आहे. अडुळसा नाही. त्याचा मोठा लौकिक रक्तपित्तावरचा, म्हणजे नाका-तोंडातून रक्त जाण्याच्या विकारावरचा. कोकणातल्या परसात तो पहिल्या नंबरावर आला याला माझ्या मते एक साधं कारण आहे: त्याला गुरं तोंड लावत नाहीत. म्हणून तो कुंपणाला लावायचा, आणि कुंपणालाच असल्यामुळे रात्री-अपरात्री कुणाची छाती भरली तर हात तिथेच जायचा.

त्याची जुनी कृती मात्र आता फारशी कुणी करत नाही. अडुळशाचं पान नुसतं वाटून पिळलं तर रस जवळजवळ निघत नाही. पानं केळीच्या किंवा दुसऱ्या रुंद पानात गुंडाळायची, वरून ओल्या मातीचा लेप द्यायचा आणि ती गठडी विस्तवात पुरायची. माती तांबूस झाली की फोडून आतली मऊ पडलेली पानं फडक्यातून पिळायची. वैद्य याला पुटपाक म्हणतात. निघतो चमचा-दोन चमचे, काळपट हिरवा, कडूजहर रस. त्यात मध आणि पिंपळीचं चिमूटभर चूर्ण घालून चाटण. गरोदर बाईला हे द्यायचं नाही, हा नेम जुना आहे आणि तो योग्य आहे. अडुळशातला मुख्य घटक गर्भाशय आकुंचित करणारा आहे, हे पुढे प्रयोगशाळेतही दिसलं.

औषध आणि जेवण यांच्यातली रेघ इथे नेहमीच पुसट राहिली. कुळथाचंच बघा. कुळीथ खोकला, उचकी आणि श्वास यांना हितकर असं चरकाच्या सूत्रस्थानात म्हटलं आहे. आषाढातल्या झडीत लसणीची चरचरीत फोडणी, दोन आमसुलं आणि गुठळी होऊ न देता घोटलेली पिठी गरम भातावर वाढणाऱ्या बाईला तो श्लोक माहीत असण्याची गरज नव्हती. भारंगीचंही तसंच. वैद्यांच्या श्वासावरच्या औषधांच्या कृतींत भारंगमूळ ठळकपणे येतं. कोकणात मात्र झाड ओळखीचं आहे ते रानभाजी म्हणून. पावसाळ्यात कोवळी पानं आणि फुलं आणायची, उकडून पाणी पिळून टाकायचं, म्हणजे कडूपणा उतरतो, मग भिजवलेले वाल, कांदा आणि ओलं खोबरं घालून परतायची. 'वर्षातून एकदा तरी भारंगी पोटात जाऊ दे, छाती साफ राहते,' असं म्हणतात. पिळून टाकलेल्या पाण्याबरोबर किती औषध वाहून जातं, हा प्रश्न विचारायचा नसतो.

दमा वाढवणाऱ्या गोष्टी मात्र या शहाणपणातून निसटल्या. ओल धरलेल्या मातीच्या भिंती, त्यांवरची बुरशी, दमट गोधड्यांत पोसणारे धुळीतले सूक्ष्म किडे, ओल्या लाकडांची चूल, आणि पावसाआधी तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, जमीन भाजायची त्या भाजावळीचा धूर. काढा उकळायचा त्याच चुलीवर, आणि वाफारा घेणारी म्हातारीही बसायची त्याच धुरात.

झाडपाल्याची ही माहिती किनाऱ्याबाहेर गेली ती आधी पोर्तुगीजांबरोबर. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि १५६३ मध्ये इथल्या औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यात धोतरा येतो तो औषध म्हणून कमी, चोरांचं हत्यार म्हणून जास्त. जेवणातून धोतरा घालायचा आणि माणूस भ्रमात हसत बसला की घर साफ करायचं.

शंभर वर्षांनी डच आले. कोचीनचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक फान रेडे याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला. त्याला माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तिघे कोकणी वैद्य होते. पोर्तुगीजांच्या धर्मछळाला कंटाळून गोव्यातून खाली सरकलेल्या सारस्वतांच्या वस्तीतले. त्यांनी १६७५ मध्ये लिहून दिलेली साक्ष पहिल्या खंडात नागरी अक्षरांत, कोकणी भाषेत छापलेली आहे आणि चित्रांवरही झाडांची कोकणी नावं नागरीत कोरलेली आहेत. युरोपातल्या छापखान्यात आपली अक्षरं खोदणाऱ्या कारागिराला त्यांतलं एकही वाचता येत नसणार. काही अक्षरांचे हातपाय त्यामुळे वाकडे झालेत, पण नावं लागतात.

इंग्रजी अमदानीत हीच नोंद सरकारी झाली. मुंबई सरकारच्या औषधभांडाराचे प्रमुख विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारतातली बाजारातली औषधं तपासून लिहून काढली. त्यांत दम्याच्या दृष्टीने लक्षवेधी आहे ती पितमारी, जिला आज दमवेल म्हणतात. खडकाळ जागी, वईवर चढणारी, जाडसर पानांची वेल. कोकणात तिचा तोळा-दोन तोळे रस वांती करवण्यासाठी देत, असं डायमॉक सांगतात. वांती आणि दमा यांचा संबंध आज विचित्र वाटेल, पण कफ उलटून पडला की श्वास मोकळा होतो, हे वैद्यकाचं जुनं गणित होतं. बंगालच्या १८४४ च्या औषधकोशात आणि १८६८ च्या भारतीय औषधकोशात या वेलीला जागा मिळाली होती.

खरी उलथापालथ केली ती धोतऱ्याने. औषधी धूर ओढणं आपल्याकडे नवं नाही. चरकाच्या त्याच सतराव्या अध्यायात हळद, एरंडमूळ, देवदार, जटामांसी वगैरे वाटून केलेली, तूप लावून ओढायची वात आहे. तिच्यात मनःशीळही आहे, म्हणजे चक्क सोमलाचं (आर्सेनिकचं) संयुग, तेव्हा 'सगळं नैसर्गिक, म्हणून निर्धोक' हे आपल्या परंपरेनेच कधी मानलेलं नाही. दक्षिणेत धोतऱ्याची मुळं वाळवून, कुटून चिलमीतून ओढत. मद्रासचे वैद्यकीय अधिकारी जेम्स अँडरसन यांच्याकडून ही रीत जनरल जेंट याला कळली आणि १८०२ मध्ये त्याने ती ब्रिटनला नेली. तिथे धोतऱ्याची जी जात मिळत होती तिच्यावर डॉक्टरांनी भागवलं. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं युरोप-अमेरिकेत दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या, त्या या धोतऱ्याच्या.

गुण खरा होता. धोतऱ्यातली ॲट्रोपिनच्या कुळातली द्रव्यं श्वासनलिका आवळणाऱ्या मज्जातंतूंचा निरोप अडवतात, त्यामुळे नळ्या सैल पडतात. पण तीच द्रव्यं तोंड सुकवतात, नजर धूसर करतात, आणि मात्रा जरा चुकली तर ऑर्ताच्या चोरांचं काम करतात. पान किती जून, झाड कुठल्या जमिनीतलं, यावर विष कमी-जास्त होतं. चिमटीने मोजता येत नाही. ॲट्रोपिनच्या रेणूत बदल करून, श्वासातून घेतल्यावर रक्तात आणि मेंदूत फारसं न पोचणारं इप्राट्रोपियम तयार झालं, ते १९७० च्या दशकात वापरात आलं. आज तालुक्याच्या दवाखान्यात नेब्युलायझरच्या वाफेतून ते दिलं जातं. घेणाऱ्याला त्यात गडग्यावरचा धोतरा आहे याची कल्पना नसते.

अडुळशाचा प्रवास असाच, पण सरळ. रसायनतज्ज्ञ डेव्हिड हूपर यांनी १८८८ मध्ये त्याच्या पानातून व्हॅसिसीन हा मुख्य घटक वेगळा केला. त्याच्या धाग्याने ब्रोमहेक्सीन बनलं आणि १९६३ मध्ये बाजारात आलं. ॲम्ब्रॉक्सॉल हे ब्रोमहेक्सीनचंच शरीरात होणारं रूप. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ही नावं असतात. ही औषधं कफ पातळ करतात. दम्याचा झटका ती थांबवत नाहीत, आणि परसातला अडुळसाही थांबवत नव्हता. कफ सुटला की 'बरं वाटता' हे खरं, पण नळी आवळलेली असते ती वेगळ्या कारणाने.

दमवेलीची पाळी १९६० च्या दशकाच्या अखेरीस आली. दिल्लीत डॉ. शिवपुरी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना सहा दिवस रोज एक पान चावायला दिलं आणि खोट्या औषधाशी तुलना केली. फायदा दिसला, पुढे काही आठवडे टिकला. तोंड हुळहुळणं, मळमळ, मिठाची चव जाणं हे त्रासही दिसले. मग १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत खऱ्या आणि खोट्या औषधात फरक आढळला नाही. वेल तिथेच अडकून राहिली.

दम्यात नळीला आतून सूज असते आणि ती उतरवणं हेच मुख्य काम, हे उमगलं ते फार उशिरा. श्वासातून घ्यायचं बेक्लोमेथासोन, सूज उतरवणारं स्टेरॉइड, १९७२ मध्ये आलं. परसातल्या कुठल्याही पानाने हे काम तितक्या खात्रीने केल्याचं दिसत नाही. आपल्याकडे मात्र श्वासातून औषध घ्यायच्या पंपाबद्दल 'एकदा लागला की सुटत नाही', 'त्यात स्टेरॉइड असतं' ही भीती पंपाच्या आधीच पोचली. त्याच भीतीवर दम्याच्या पुड्यांचा धंदा चालतो. लेबल नाही, घटक सांगायचे नाहीत, फक्त 'जडीबुटी' म्हणायचं. अशा पुड्यांमध्ये दळलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या वारंवार सापडल्या आहेत. पंपाच्या एका फवाऱ्यात स्टेरॉइड असतं ते मायक्रोग्रॅममध्ये; पोटात घ्यायच्या गोळीत मिलिग्रॅममध्ये, म्हणजे कितीतरी पट. पुडीने तीन दिवसांत धाप थांबते, भूक वाढते, चेहरा गोल होतो आणि घरचे म्हणतात तब्येत सुधारली. मग साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी एकाएकी बंद केली तर जिवावर बेततं. पुडी घेणाऱ्याने म्हणूनच ती परस्पर फेकून न देता डॉक्टरांसमोर नेऊन ठेवावी, आणि किती महिने घेतली ते खरं सांगावं.