बीटी वांगे आणि बेळगाव सीमाभाग

बीटी वांगे : मातीत आढळणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतील एक जनुक बसवून तयार केलेले, शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीचा प्रतिकार करणारे जनुकांतरित वांगे. जालना येथील महिको या बियाणे कंपनीने ते विकसित केले. भारतात त्याच्या व्यापारी लागवडीस केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्याशी या पिकाचा संबंध दुहेरी आहे. ज्या देशी वाणांमध्ये हे जनुक उतरवण्यात आले त्यांपैकी ‘कुडची लोकल’ हे वाण रायबाग तालुक्यातील कृष्णाकाठच्या कुडची गावाचे नाव धारण करते. शिवाय हे काम ज्या धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात झाले, त्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात हा सारा सीमाभाग येतो.

प्रदेश व पीक : बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या मराठीबहुल पट्ट्याला लागूनच अथणी, रायबाग आणि हुक्केरी हे दोन्ही भाषांचे तालुके आहेत. कृष्णेच्या दोन्ही तीरांवर उसाचे राज्य असले, तरी मळ्याच्या एखाद्या तुकड्यात वांगी, मिरची, कोथिंबीर यांना जागा राखलेली असते, कारण ऊस वर्षाने पैसा देतो आणि भाजीपाला आठवड्याच्या बाजाराला. कुडचीहून मिरज हे बेळगावपेक्षा पुष्कळ जवळ. त्यामुळे या भागातील शेतमालाला राज्याची हद्द ओलांडणे नवे नाही आणि बियाण्यालाही नाही.

वांग्याच्या बाबतीत खाणाऱ्याची आवड फार बारकाईची असते. कृष्णाकाठच्या वांग्याच्या भरल्या भाजीची ख्याती सांगली-मिरजेकडे आहे. तीच भाजी कन्नड घरांत ज्वारीच्या भाकरीबरोबर ‘एण्णगाई’ म्हणून होते. कांदेनवमीला वांगी खाऊन चातुर्मासात ती वर्ज्य करायची आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा सुरू करायची, हा क्रम सीमाभागातील कित्येक मराठी घरांत आजही पाळला जातो. भरताला एक वांगे, भरून करायला दुसरे आणि रश्श्याला तिसरे अशी निवड असल्यामुळे दर काही कोसांवर वेगळे वाण टिकून राहिले. अधिक उत्पन्न देणारे एकच संकरित वाण सगळीकडे लावावे, ही कल्पना या पिकात म्हणूनच पूर्णपणे रुजू शकली नाही.

कीड : ल्युसिनोडिस ऑर्बोनॅलिस असे शास्त्रीय नाव असलेला छोटा पांढुरका पतंग पानांवर, कोवळ्या शेंड्यांवर व कळ्यांवर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच शेंड्यात शिरते. बाकीचे झाड टवटवीत असताना एखादाच शेंडा मान टाकलेला दिसला, की अनुभवी शेतकरी तो चिरून आतली अळी दाखवतो. पीक फळावर आले की अळी देठाखालून फळात शिरते आणि शिरलेले छिद्र स्वतःच्या विष्ठेने बुजवते. त्यामुळे बाहेरून फळ चांगले दिसते. आत गर पोखरून काळा पडलेला असतो. अळी एकदा आत गेली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मग फवारणी वारंवार करावी लागते, तोडणीच्या आदल्या दिवशी औषध मारण्याचे प्रकारही घडतात आणि बाजारात जाणाऱ्या फळावर कीटकनाशकाचा अंश राहतो. बीटी तंत्राच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत सबळ मुद्दा हाच होता, आणि तो खोडून काढणे विरोधकांनाही सोपे गेले नाही.

तंत्र : वर उल्लेखिलेला जिवाणू ‘क्राय’ वर्गातील प्रथिने तयार करतो. त्यांपैकी क्राय१एसी या प्रथिनाचे जनुक अॅग्रोबॅक्टेरियम या दुसऱ्या जिवाणूच्या वाहकाद्वारे वांग्याच्या पेशीत घालण्यात आले. अळीने असे शेंडे किंवा फळ खाल्ले की तिच्या आतड्यातील अल्कधर्मी स्रावात हे प्रथिन विरघळते, आतड्याच्या अस्तरावरील ‘ग्राहकांना’ (प्रथिन धरून ठेवणाऱ्या विशिष्ट रेणूंना) चिकटते आणि पेशींना छिद्रे पाडते. अळी खाणे थांबवून मरते. माणसाच्या जठरातील स्राव आम्लधर्मी असतो आणि आतड्यात हे ग्राहक नसतात, असे प्रथिनाच्या सुरक्षिततेविषयी सांगितले जाते. वांग्याच्या जीनोममध्ये, म्हणजे संपूर्ण जनुकसंचात, हे जनुक ज्या विशिष्ट जागी बसले त्या रूपांतरणाला ‘ईई-१’ असे नाव आहे. पुढे हीच ‘ईई-१’ वनस्पती दाता म्हणून वापरून नेहमीच्या पैदास पद्धतीने, म्हणजे पुनःपुन्हा मूळ वाणाशी संकर करून, देशी वाणांत जनुक उतरवण्यात आले.

धारवाडचा सहभाग : २००५ मध्ये महिको, धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि हैदराबादची सदगुरू मॅनेजमेंट कन्सल्टंट्स यांच्यात करार झाला. त्यामागे अमेरिकेची मदत संस्था यूएसएड आणि कॉर्नेल विद्यापीठ यांचा कृषी जैवतंत्रज्ञान प्रकल्प होता. कंपनीने संकरित बियाणे आपल्याकडे ठेवायचे आणि विद्यापीठांनी सरळ वाण तयार करायचे, अशी विभागणी ठरली. तमिळनाडूच्या कृषी विद्यापीठानेही आपल्या वाणांवर असेच काम केले. धारवाडने निवडलेल्या सहा वाणांत मलापूर लोकल, मांजरी गोटा, कुडची लोकल, रबकवी लोकल, उडुपी गुळ्ळा आणि जीओ-११२ यांचा समावेश होता. रबकवी हे गाव शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातले, तर मांजरी गोटा हे पश्चिम महाराष्ट्राच्या ओळखीचे वाण. सरळ वाणाचे बी शेतकऱ्याला पुढच्या हंगामासाठी ठेवता येते, ही या योजनेची जमेची बाजू होती. बीटी कापसात संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागल्याचा अनुभव ताजा असल्यामुळे ती बाजू लहान नव्हती.

मान्यता व स्थगिती : पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ याखालील १९८९ च्या नियमांनुसार जनुकांतरित पिकाला संस्थेची जैवसुरक्षा समिती, जैवतंत्रज्ञान विभागाची आढावा समिती आणि शेवटी पर्यावरण मंत्रालयाची जनुकीय अभियांत्रिकी समिती अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. शेवटच्या समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी बीटी वांग्याच्या बाजूने कौल दिला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मात्र निर्णय राखून ठेवला आणि जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगड, हैदराबाद व बंगळूर येथे जनसुनावण्या घेतल्या. चाचण्यांची स्वतंत्र पडताळणी झाली आहे का, दीर्घकालीन परिणामांचे काय, आणि ज्या भूभागात वांग्याचे रानटी भाईबंद आढळतात तेथे परागकणांद्वारे जनुक पसरल्यास काय, हे प्रश्न तेथे पुढे आले. राज्य सरकारांचा सूरही प्रतिकूल होता. कर्नाटकानेही घाई करू नये असेच कळवले होते. स्थगितीनंतर त्याच वर्षी ‘जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समिती’ या नावातील ‘मान्यता’ हा शब्द जाऊन तेथे ‘मूल्यमापन’ आला. बंगळूर कुडचीहून सुमारे सहाशे किलोमीटरवर आहे. ज्यांच्या गावाच्या नावाचे वाण चर्चेत होते, त्यांच्या दृष्टीने सुनावणी घराजवळ झाली असे म्हणता येत नाही.

वाण कोणाचे, हा वाद : सुरक्षिततेच्या चर्चेच्या गदारोळात एक वेगळा प्रश्न मागे पडला, आणि सीमाभागाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३ नुसार, ज्या कंपनीच्या भागभांडवलात किंवा व्यवस्थापनात परकी सहभाग आहे तिला भारतीय जैविक संसाधन संशोधनासाठी किंवा व्यापारी वापरासाठी घ्यायचे असल्यास चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागत असे. महिकोमध्ये त्या वेळी मोन्सँटो या अमेरिकी कंपनीचा २६ टक्के वाटा होता. बंगळूरच्या एन्व्हायर्न्मेंट सपोर्ट ग्रुप या संस्थेने २०१० मध्ये कर्नाटक जैवविविधता मंडळाकडे तक्रार केली, की देशी वाणे अशी परवानगी न घेता आणि स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समित्यांना न विचारता वापरली गेली. २०११ मध्ये प्राधिकरणाने कायदेशीर कारवाईचा निर्णय घेतला आणि पुढे प्रकरण न्यायालयात गेले. या अधिनियमाचा भंग झाल्याच्या आरोपावरून चाललेले हे देशातील पहिले गाजलेले प्रकरण होय. दुसरी बाजू अशी, की अधिनियमाच्या कलम ५ मध्ये मान्यताप्राप्त सहयोगी संशोधन प्रकल्पांना सूट आहे, आणि सार्वजनिक विद्यापीठाने आपल्याच कार्यक्षेत्रातील वाणावर काम करणे हा जैवचौर्याचा प्रकार ठरवता येईल का, याविषयी जाणकारांत एकमत नाही. विद्यापीठाचा हेतू कसाही असो, कुडचीच्या शेतकऱ्याला लाभात वाटा कोणत्या मार्गाने मिळणार होता याची सोय करारातच आधी व्हायला हवी होती, असे येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

अधिनियमात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. तिच्यामुळे अधिनियमाखालील गुन्ह्यांसाठी असलेली कारावासाची तरतूद जाऊन आर्थिक दंड आला. तसेच पूर्वपरवानगीची अट लागू होण्यास कंपनीत परकी सहभाग असणे एवढे आता पुरेसे नाही. कंपनीवर परकी नियंत्रण आहे काय, हे पाहिले जाते. २६ टक्क्यांच्या वाट्याचा मुद्दा आज उपस्थित झाला असता, तर त्याचा निकाल वेगळ्या कसोटीवर लागला असता.

बीटी कापसाचा जोडअनुभव : धारवाड विद्यापीठ याच सुमारास दुसऱ्या वादातही सापडले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेबरोबर त्याने ‘बिकानेरी नरमा’ हे सार्वजनिक क्षेत्रातील बीटी कापसाचे सरळ वाण पुढे आणले. ते २००९ च्या हंगामात शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले, परंतु त्यात मोन्सँटोच्या जनुकरचनेचा अंश आढळल्याने मागे घ्यावे लागले. बैलहोंगल-सौंदत्तीच्या काळ्या रानातला कापूस उत्पादक त्यानंतर खाजगी संकरित बियाण्यावरच अवलंबून राहिला.

इतर देश व नंतरच्या घडामोडी : ‘ईई-१’ वर आधारित चार वाणांना बांगलादेशाने ऑक्टोबर २०१३ मध्ये मान्यता दिली आणि २०१४ च्या आरंभी २० शेतकऱ्यांना रोपे दिली. फिलिपीन्सने २०२२ मध्ये लागवडीस परवानगी दिली, पण एप्रिल २०२४ मध्ये तेथील अपील न्यायालयाने ती रोखली. भारतात २०१९ मध्ये हरियाणातील फतेहाबाद जिल्ह्यात बीटी वांग्याची बेकायदा लागवड सापडली व ती नष्ट करण्यात आली. २०२० मध्ये मूल्यमापन समितीने जालन्याच्याच बीजशीतल या कंपनीच्या, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत विकसित केलेल्या वेगळ्या जनुकावर आधारलेल्या ‘जनक’ व ‘बीएसएस-७९३’ या संकरित वांग्यांच्या क्षेत्रीय चाचण्यांना आठ राज्यांसाठी हिरवा कंदील दाखवला. त्यांत कर्नाटकही होते. अशा चाचणीला संबंधित राज्याचे ना-हरकत पत्र लागते. सीमाभागात याचा अर्थ असा, की एका बांधावर बंगळूरचे धोरण लागू आणि पलीकडच्या बांधावर मुंबईचे.

जनुकांतरित मोहरीच्या डीएमएच-११ या वाणाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय मुक्ततेची, म्हणजे खुल्या शेतात लावण्याची, मंजुरी मिळाली. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तिच्या वैधतेवर भिन्न निकाल दिले, मात्र जनुकांतरित पिकांविषयी राष्ट्रीय धोरण आखावे यावर त्यांचे एकमत झाले. त्याआधी ३० मार्च २०२२ रोजी केंद्राने परकीय जनुक शिल्लक न राहणाऱ्या जनुक-संपादित (स्वतःच्याच जनुकांत नेमका बदल केलेल्या) वनस्पतींना १९८९ च्या नियमांतील कडक तरतुदींतून वगळले. या वाटेने आलेली ‘डीआरआर धान १००’ म्हणजे कमला आणि ‘पुसा डीएसटी राइस १’ ही दोन भाताची वाणे मे २०२५ मध्ये जाहीर झाली. खानापूर-बेळगावच्या भातपट्ट्याला ही बातमी जवळची आहे. वांगी पिकवणाऱ्याला तितकी नाही. क्राय प्रथिन वांग्याच्या स्वतःच्या जनुकांत नाही, त्यामुळे बीटी प्रकारचा प्रतिकार जनुक-संपादनाच्या या सवलतीतून आणता येत नाही. शिवाय ही सवलत जैवसुरक्षेपुरती आहे. संपादनासाठी घेतलेले मूळ वाण कोणत्या गावाचे, हा प्रश्न तिने स्पर्शिलेलाही नाही.

सध्याचे कीडनियंत्रण : मान टाकलेले शेंडे अळीसह खुडून नष्ट करणे, किडकी फळे बांधावर न टाकता खोल पुरणे, नर पतंग पकडण्यासाठी कामगंध सापळे लावणे, निंबोळी अर्क फवारणे आणि ट्रायकोकार्डद्वारे परोपजीवी कीटक सोडणे या उपायांची शिफारस कृषी विज्ञान केंद्रे करतात. बेळगाव जिल्ह्यात बैलहोंगल तालुक्यातील मत्तिकोप्प येथे असे केंद्र आहे. त्यांचे साहित्य मुख्यतः कन्नडमध्ये असते, तर मराठी वाचणारा शेतकरी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका वापरतो. शेंडे खुडण्याचे काम एकाच शेतकऱ्याने केल्यास उपयोग थोडा होतो, कारण पतंग शेजारच्या तुकड्यातून येतो. शिवारातील सर्वांनी एकाच आठवड्यात ते केले तर प्रादुर्भाव स्पष्टपणे उतरतो. देशी वाणाचे बी धरणारे शेतकरी पहिल्या-दुसऱ्या तोडीतील निरोगी झाडाचे फळ झाडावरच पिवळे होईपर्यंत ठेवतात, मग बी धुऊन सावलीत वाळवतात. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार असे वाण शेतकऱ्याच्या किंवा गावसमूहाच्या नावे नोंदवता येते आणि ब्रँड न लावता त्याचे बी विकताही येते.