ऑस्लोतलं नेमकं कुठलं विगेलान?

उन्हाळ्यात ऑस्लोला आमच्याकडे पाहुणे आले की त्यांच्यातला एकजण तरी मोबाइल पुढे करतो आणि विचारतो, "हे विगेलान म्हणजे तेच ना, पुतळ्यांची बाग?" निम्म्या वेळा पडद्यावरचा ठिपका भलत्याच ठिकाणी असतो.

आमच्या मावशी आणि काकांनी तर हा घोळ एका शनिवारी प्रत्यक्ष करून दाखवला. काकांनी नकाशात 'विगेलान म्युझियम' एवढंच टाकलं, समोर आलेल्या नावांतलं पहिलं निवडलं आणि दोघं मेट्रोने डोंगराच्या अंगाला जाऊन बंगल्यांच्या एका शांत वस्तीत उतरले. समोर चर्चसारखी दिसणारी विटांची इमारत. खिडक्या नाहीत, लोखंडी बुटकं दार, आणि ते बंद. काकांचा फोन आला, "अरे, इथे पुतळे राहू दे, माणूससुद्धा दिसत नाही."

ते चुकीच्या भावाच्या घरी गेले होते.

विगेलान दोन आहेत. (शेवटचा 'ड' लिहितात, नॉर्वेजियन माणूस तो गिळतो.) थोरला गुस्ताव, जन्म 1869, शिल्पकार. धाकटा इमानुएल, जन्म 1875, चित्रकार. नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मांदाल गावाजवळ सुताराच्या घरात दोघे वाढले. जन्माचं आडनाव थोर्सेन. आजोळच्या शेतवाडीचं नाव विगेलान, ते आधी थोरल्याने घेतलं, मग धाकट्यानेही. नाव बदलायचंच होतं तर वेगवेगळं घेतलं असतं तर काकांचा शनिवार वाचला असता.

गुस्तावच्या नावाने शहरात दोन ठिकाणं आहेत आणि त्यांचीही आपसात गल्लत होते. फ्रॉग्नर पार्क ही ऑस्लोची मोठी सार्वजनिक बाग. तिच्या मधोमध सुमारे 850 मीटर लांबीच्या सरळ रेषेत गुस्तावची शिल्पं मांडली आहेत. लोक ज्याला विगेलान पार्क म्हणतात तो एवढाच भाग. त्याला वेगळं कुंपण किंवा तिकीट नाही, आणि रात्री दोन वाजता गेलात तरी कोणी हटकणार नाही. बागेच्या दक्षिणेला, पाच मिनिटांच्या चालीवर, विगेलान म्युझियम आहे. तेही गुस्तावचंच, पण तिथे तिकीट लागतं. इमानुएलचं संग्रहालय या दोन्हींपासून दूर, स्लेमदाल भागात आहे. त्याच्या पाटीवर 'इमानुएल' हे पहिलं नाव असतं, घाईत तेवढंच वाचायचं राहून जातं.

गुस्तावला एवढी मोठी बाग कशी मिळाली, त्यामागे महापालिकेशी झालेला एक व्यवहार आहे. शहराला नवीन ग्रंथालय बांधायचं होतं आणि त्या जागेत त्याचा जुना स्टुडिओ येत होता. 1921 साली करार झाला. शहराने त्याला राहतं घर आणि स्टुडिओ बांधून द्यायचा, त्याने आपलं झालेलं आणि पुढे होणारं सगळं काम शहराला द्यायचं. हल्लीच्या भाषेत याला पुनर्विकास म्हणता येईल, फरक एवढाच की इथे दोन्ही पक्षांनी शब्द पाळला. तो स्टुडिओ म्हणजेच आजचं म्युझियम. बागेतलं कारंजं मुळात संसदेसमोर उभं राहायचं होतं. ते तिथून हललं, हलता हलता त्याच्याभोवतीचा आराखडा फुगत गेला, आणि शेवटी फ्रॉग्नरमध्ये दोनशेहून जास्त शिल्पांचं गावच वसलं.

बागेत शिरलात की आधी पूल लागतो. शंभर मीटरचा, कठड्यांवर ब्राँझचे 58 पुतळे. गर्दी एका पुतळ्याभोवती असते: पाय आपटून, मुठी आवळून भोकाड पसरलेलं पोर. नाव सिन्नाताग्गेन, म्हणजे आपल्याकडचं संतापी कार्टं. फोटोंमुळे तो मोठा असेल असं वाटतं, प्रत्यक्षात खऱ्याखुऱ्या लहान मुलाएवढाच आहे. त्याचा डावा हात लोकांनी धरून धरून सोन्यासारखा पिवळा झालाय, बाकी अंग काळपट. पुलावरून खाली तळ्याकाठी उतरलात तर एक छोटं वर्तुळ दिसेल. आठ तान्ही बाळं, आणि मधोमध डोकं खाली असलेला, अजून न जन्मलेला गर्भ. पर्यटकांच्या बस थांबतात त्या वेळात इथे कोणी उतरत नाही. माझ्या मते बागेतली सगळ्यात चांगली जागा हीच.

वर टेकाडावर मोनोलिथ. एकाच ग्रॅनाइट शिळेतून कोरलेला चौदा मीटरहून उंच स्तंभ, त्यावर एकमेकांत गुंतलेली 121 माणसं, भोवती पायऱ्यांवर ग्रॅनाइटचे 36 समूह. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: हा दगड गुस्तावने स्वतः कोरलेला नाही. त्याने मातीत पूर्ण आकाराचा नमुना घडवला, त्याचं प्लॅस्टरमध्ये साचेकाम झालं आणि 1929 पासून तीन पाथरवट चौदा वर्षं तो नमुना दगडात उतरवत बसले. काम 1943 मध्ये संपत आलं आणि त्याच वर्षी गुस्ताव गेला. बागेतलं ग्रॅनाइट ही उत्तम हाताची नक्कल आहे, मूळ हस्तलिखित म्युझियममध्ये आहे. तिथल्या पांढऱ्या प्लॅस्टरवर बोटांचे दाब दिसतात, दगडात ते गुळगुळीत होऊन गेलेत. म्हणून बाग पाहून झाल्यावर म्युझियम टाळणाऱ्यांना मी थोडं आडवतोच.

पुतळे जवळजवळ सगळे नग्न आहेत. कुटुंब घेऊन गेलेला मराठी माणूस पहिली पाच मिनिटं झाडांकडे बघत चालतो, मग सरावतो. खजुराहो आठवतं, पण तुलना टिकत नाही. गुस्तावकडे शृंगार कमी आणि संसार जास्त. बाप पोरांना खांद्यावर नाचवतोय, म्हाताऱ्या एकमेकींना टेकून बसल्यात, नवराबायको पाठीला पाठ लावून रुसलेत. कपडे नाहीत म्हणून काळ कळत नाही, देश कळत नाही, हुद्दा कळत नाही. त्याला तेच हवं होतं.

आता शृंगार. तो धाकट्याकडे आहे, आणि मरणाच्या इतका जवळ की पाहताना आपण नक्की काय पाहतोय हे काही वेळ उमगत नाही.

इमानुएलने 1926 मध्ये ही इमारत बांधली ती आपली चित्रं आणि शिल्पं ठेवायला, म्हणजे सरळ संग्रहालय म्हणून. पुढे त्याने बेत बदलला. हीच आपली समाधी. खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या आणि आतली सगळी जागा, भिंती आणि वरचं पिंपासारखं गोल छत, भित्तिचित्रांनी भरून काढली. सुमारे 800 चौरस मीटर. चित्राचं नाव 'व्हिता', लॅटिनमध्ये जीवन. गर्भधारणेपासून मृत्यूपर्यंतचा माणसाचा सगळा प्रवास. जागेचं दुसरं नाव इटालियन धाटणीचं, तोम्बा इमानुएले, म्हणजे इमानुएलचं थडगं.

पुढच्या रविवारी मी मावशी-काकांना पुन्हा तिथे घेऊन गेलो. दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. मावशी सवयीने वाकली, जुन्या देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना वाकते तशी, आणि हात उंबऱ्याकडे गेलाच. आत गेल्यावर मागे वळून वर बघायला सांगितलं. दाराच्या अगदी वर, कोनाड्यात, अंड्याच्या आकाराचा दगडी कलश आहे. त्यात इमानुएलची राख. येताना-जाताना प्रत्येकाने आपल्यापुढे मान झुकवलीच पाहिजे, अशी सोय त्याने करून ठेवली आहे. काका हळूच म्हणाले, "माणूस बेरकी होता." हे 'हळूच' त्या खोलीने उचललं आणि छतापर्यंत नेऊन आमच्या अंगावर परत ओतलं.

कारण आतला आवाज. गोलघुमटात टाळी वाजवलेली असेल त्याला कल्पना येईल, पण तिथे प्रतिध्वनी सुटे सुटे मोजता येतात, इथे ते एकमेकांत मिसळून जातात. एक शब्द बोललात तर दहा सेकंदांहून जास्त वेळ तो खोलीत तरंगत राहतो, अर्थ गळून गेलेला, नुसता सूर. त्यामुळे दुसऱ्या मिनिटाला सगळे आपोआप गप्प होतात. याच गुणामुळे इथे मैफलीही होतात, सावकाश चालणारं संगीत इथे खुलतं. तबल्याची द्रुत लय मात्र चिखल होऊन जाईल.

आणि अंधार. दिवे मुद्दाम मिणमिणते ठेवलेत. आत शिरल्यावर पहिली काही मिनिटं फक्त तपकिरी धूर दिसतो, आणि बरेचजण नेमके तेव्हाच 'काही दिसत नाही' म्हणून परत फिरतात. थांबायचं. भिंतीकडेच्या खुर्चीत बसून पंधरा मिनिटं काहीच करायचं नाही. मग एक हात दिसतो, मग पाठ, मग लक्षात येतं की समोरची अख्खी भिंत माणसांची आहे. जोडपी, बाळंतपणं, मिठ्या, प्रेतं. दाराच्या वरच्या भिंतीवर दोन सांगाडे एकमेकांना बिलगलेले, आणि त्यांच्यातून धुराचा एक लोट वर चढतोय, त्या लोटात लहान मुलं. त्याच्या खालीच तो कलश. मावशी बराच वेळ तिथे मान वर करून बसली होती. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "आपल्याकडे हे कोणी घरात काढू दिलं नसतं. पण खोटं काही नाही त्यात."

विषय दोघा भावांचा एकच, जन्म ते मरण. मांडणी उलट. गुस्तावने तो उघड्यावर ठेवला, पाऊस-बर्फात, पोरं त्यावर चढतील अशा बेताने. त्याच्याकडे देव नाही, धर्मग्रंथातली गोष्ट नाही. इमानुएल चर्चमध्ये वाढलेला हात. शहराच्या मध्यवस्तीतल्या कॅथेड्रलमधल्या गाभाऱ्याच्या रंगीत काचा त्याच्याच, 1910 ते 1916 या काळातल्या. पर्यटक त्या पाहतात आणि नाव न वाचता बाहेर पडतात. समाधीतही आदम आणि हव्वा आहेत, पाप आणि सुटका आहे, फक्त चर्चमध्ये जे चाललं नसतं ते सगळं तिथे चालतं. थोरल्याचं दगडकाम अनेक हातांनी पूर्ण केलं, धाकट्याने भिंती स्वतः रंगवल्या. त्यामुळे एकीकडे शहर दिसतं, दुसरीकडे एकटा माणूस.

राखेच्या बाबतीत मात्र दोघे सारखे निघाले. गुस्तावची राखही त्याच्या म्युझियमच्या मनोऱ्यात ठेवलेली आहे. म्हणजे दोन्ही संग्रहालयं समाध्याच. पण गुस्तावकडे वर बघायला कोणी लावत नाही, म्हणून ते कळतही नाही.

दोघा भावांचं आपसात फारसं पटलं नाही. शांततेच्या नोबेलचं पदक गुस्तावने घडवलेलं आहे. 1979 मध्ये मदर तेरेसांना आणि 2014 मध्ये कैलाश सत्यार्थींना ऑस्लोत मिळालं तेच. त्याच्या मागच्या बाजूला एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकलेले तीन पुरुष आहेत आणि भोवती लॅटिन अक्षरं: शांततेसाठी आणि राष्ट्रांच्या बंधुभावासाठी.

आता प्रवासाचं. दोन्हीकडे जायला मायोर्स्तुएन हे मेट्रो स्टेशन लक्षात ठेवा, फाटा तिथे फुटतो. तिथे वर येऊन दहा-पंधरा मिनिटं चाललात की बाग. मध्यवस्तीतून थेट यायचं तर बारा नंबरची ट्राम फाटकाशी सोडते. आणि मायोर्स्तुएनहूनच एक नंबरची मेट्रो, होल्मेनकोलेनच्या स्की-उडीच्या टेकडीकडे चढणारी, ती स्लेमदालला थांबते. तिथून इमानुएलचं दार चालत काही मिनिटांवर. अट एकच. ते दार मुख्यतः रविवारी दुपारी काही तासच उघडतं, निघण्याआधी वेळ पाहून घ्यावी.

शहरात एकच दिवस असेल आणि बरोबर लहान मुलं असतील तर बागच. मुलांना अंधारात पंधरा मिनिटं गप्प बसवणं हा त्यांच्यावर आणि इतरांवर अन्याय आहे. गुडघे दुखणाऱ्यांनाही बाग बरी, वाटा सपाट आहेत, फक्त मोनोलिथच्या पायऱ्या तेवढ्या. पण नेमका रविवार हाताशी असेल तर आधी स्लेमदाल गाठा, मग बाग. उलट क्रमाने केलं तर दिवसभर उन्हात तापलेले डोळे अंधाराला सरावायला दुप्पट वेळ घेतात, आणि तोवर दार लावायची वेळ झालेली असते. आम्ही त्या रविवारी याच क्रमाने गेलो. संध्याकाळी पुलावर काकांनी त्या रडक्या पोराचा पिवळा हात धरून फोटो काढून घेतला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकताना खाली लिहिलं, 'हे थोरल्याचं.'