गलाई व्यवसाय

गलाई व्यवसाय : मोडीत आलेले सोन्याचांदीचे दागिने आणि सोनाराच्या दुकानातील राख-केर गाळून त्यांतून शुद्ध धातू वेगळा काढण्याचा धंदा. सांगली जिल्ह्यातील खानापूर (विटा), आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ आणि सातारा जिल्ह्यातील माण, खटाव या कमी पावसाच्या तालुक्यांतील हजारो कुटुंबे या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. तमिळनाडू, केरळ, आंध्र, उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल येथील सराफ बाजारांत त्यांची दुकाने आहेत; सीमेपलीकडे काठमांडूतही काही जण गेले. सांगली जिल्हा १९४९ ते १९६० या काळात ‘दक्षिण सातारा’ होता व त्याआधी त्याचा बराच भाग साताऱ्यात मोडत असे. त्यामुळे जुन्या पिढीतील गलाईवाला परमुलखात ‘साताऱ्याचा’ म्हणून ओळखला गेला असल्यास नवल नाही.

‘गलाई’ हा शब्द ‘गाळणे’ या मराठी क्रियापदापासून सरळ आला असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि तसे असते तर त्यात ‘ळ’ टिकायला हवा होता. हिंदीत ‘ढालना’वरून ‘ढलाई’ तसे ‘गलाना’वरून ‘गलाई’ हे नाम नियमाने होते. तेव्हा हा शब्द मुंबईच्या किंवा उत्तरेकडील बाजारात उचलला गेला आणि माणसांबरोबर गावी परत आला, हे अधिक संभवनीय दिसते. गावाकडे आज तो इतका रुळला आहे की ‘गलाई बांधव’ म्हटले की कोणाबद्दल बोलणे चालले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

उगमाविषयी दोन मते आढळतात. सोनारांच्या दुकानांतील धूळ धुऊन सोने वेचणारे झारेकरी पूर्वापार होते. गलाई हा त्यांच्याच कामाचा विस्तार, असे एक मत. दुसरे मत दुष्काळाचे : सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील कोरडवाहू शेतकरी पोटासाठी बाहेर पडला आणि मुशीपाशी, म्हणजे धातू वितळवण्याच्या भांड्यापाशी, स्थिरावला. पहिल्या मताला कामातील साम्याचा आधार असला, तरी गलाईवाले बहुतांशी शेतकरी कुटुंबांतले आहेत, ही गोष्ट त्याच्याशी जुळत नाही. दुसऱ्या मतातही एक सांधा निखळतो. दुष्काळ माणसाला गावाबाहेर काढतो, पण कोणत्या कामाला लावतो हे ठरवत नाही. याच पट्ट्यातील कितीतरी माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडी कामात गेली. आधी गेलेल्याने भाऊ, मेहुणा, भाचा असे एकेक माणूस आपल्या भट्टीवर नेले, ही साखळी धरली तरच एकेका गावातून घरटी माणूस याच धंद्यात कसा शिरला याचा उलगडा होतो. आरंभ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला असावा. १९७२ च्या दुष्काळाने ओघ वाढवला.

कृती : दागिन्यातील सोन्यात तांबे-चांदीची भेसळ असते. नुसते तेजाब (नायट्रिक आम्ल) अशा सोन्यावर नीट चालत नाही, कारण चांदीचे प्रमाण थोडे असले की सोने तिला पोटात धरून ठेवते. म्हणून एक भाग सोन्याला सुमारे तीन भाग पडतील इतकी चांदी उलट वरून घालतात. मुशीत टाकणखार टाकून हा रस करतात व तो पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडतात. दाणे तेजाबात उकळले की चांदी-तांबे विरघळते, तांबूस-तपकिरी वाफा उठतात आणि तळाशी मातकट भुकटी उरते. नवख्याला ती विटकरीचा चुरा वाटेल, तेच सोने. धुऊन, पुन्हा वितळवून लगड (धातूचा ठोकळा) ओतली की पिवळा रंग येतो. उरलेल्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की चांदी तिच्यावर साचते आणि पाणी निळे होते. या वाफा फुप्फुसांना घातक आहेत. कोंदट खोलीत उभी हयात काढलेल्या माणसांच्या दम्या-खोकल्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके गेलेले नाही.

व्यापारनीतीचा परिणाम : गलाईची चर्चा बहुधा देशांतर्गत स्थलांतर म्हणून होते. ते अपुरे आहे. या भट्टीचे बरेवाईट देशाच्या सीमेवर ठरते. १९६३ चे सुवर्ण नियंत्रण नियम आणि १९६८ चा कायदा यांनी लगडीच्या रूपात सोने बाळगण्याला सामान्यांना मनाई केली. दागिना मुशीत गेला की त्याची लगड होणार, आणि इथेच हा धंदा कायद्याच्या कचाट्यात येई. कायदा १९९० मध्ये रद्द झाला. १९९२ पासून परदेशातून परतणाऱ्या भारतीयांना ५ किलोपर्यंत सोने शुल्क भरून आणता येऊ लागले आणि १९९७ मध्ये बँकांना आयातीची मुभा मिळाली. आखातात राबणाऱ्या मल्याळी कामगाराच्या कमाईचे सोने त्रिशूरच्या बाजारात आले आणि पुढेमागे मोडीत निघून खानापूरच्या माणसाच्या मुशीत पडले. दोन स्थलांतरे इथे एका भट्टीत मिळतात. याच खुलेपणामुळे शुद्धतेचा शिक्का असलेली विलायती बिस्किटेही गल्लीतल्या सोनाराला सहज मिळू लागली व गाळलेल्या सोन्याची त्याची गरज घटली.

शुल्क चढले की भाव चढतो, भाव चढला की लोक दागिने मोडतात आणि गलाईला काम येते. २०१२ च्या आरंभी २ टक्के असलेले आयात शुल्क ऑगस्ट २०१३ मध्ये १० टक्क्यांवर गेले, २०२२ मध्ये १५ टक्के झाले. मुक्त व्यापार करारांनी याला फाटे फोडले. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर दक्षिण कोरियाचे सोने करारातील सवलतीने सीमाशुल्काविना येऊ लागले व ऑगस्टमध्ये सरकारला त्यावर निर्बंध घालावे लागले. संयुक्त अरब अमिरातींशी झालेल्या, मे २०२२ पासून लागू असलेल्या करारात ठरावीक कोट्यापुरती एक टक्क्याची सूट आहे. तिचा लाभ मोठ्या आयातदारांना. मुशीवर बसलेल्या माणसापर्यंत तो पोचत नाही. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क एकदम ६ टक्क्यांवर आले, तेव्हा आदल्या दिवशीच्या भावाने मोड घेतलेल्या छोट्या दुकानदाराचा माल हातातच स्वस्त झाला. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झालेले हॉलमार्किंग आणि मोठे यांत्रिक शुद्धीकरण कारखाने हे आणखी दोन ताण.

गावाकडे या पैशातून घरे, देवळे, शाळांच्या खोल्या उभ्या राहिल्या. यात्रेला माणसे परततात. तमिळ किंवा हिंदी माध्यमात शिकलेली नातवंडे आजीशी अडखळत मराठी बोलतात. कृष्णेवरील टेंभू उपसा योजनेचे पाणी आल्यापासून खानापूर-आटपाडीत डाळिंब, द्राक्ष आणि उसाची शेती वाढली असून, एक भाऊ भट्टीवर व एक बागेत अशी वाटणी आता अनेक घरांत दिसते.