शोनगाउअर, मार्टिन

शोनगाउअर, मार्टिन : (सु. १४५०–२ फेब्रुवारी १४९१). जर्मन ताम्रपट-उत्कीर्णक (तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून ठसे घेणारा) व चित्रकार. ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यातील कोलमार (सध्या फ्रान्समध्ये) येथील सोनाराच्या घराण्यात जन्म. वडील कास्पार आउग्जबुर्गहून येऊन कोलमारला स्थायिक झाले होते. भावांपैकी काहींनी वडिलांचाच व्यवसाय पुढे चालविला, तर लुडविख चित्रकार व उत्कीर्णक झाला.

मार्टिनच्या जन्मवर्षाविषयी मतभेद आहेत. म्यूनिक येथील त्याच्या तरुणपणीच्या व्यक्तिचित्रावरील सालाचे अंक काहींनी १४५३, तर काहींनी १४८३ असे वाचले. पहिले वाचन ग्राह्य धरल्यास जन्म १४३०–४० या दशकापर्यंत मागे जातो आणि जुन्या अभ्यासकांचा कल तिकडेच होता. तथापि लाइपसिक विद्यापीठाच्या पटावर १४६५ मध्ये त्याचे नाव आढळते. त्या काळी विद्यापीठात प्रवेश घेण्याचे वय लक्षात घेता जन्म १४५० च्या आसपास मानणे अधिक सयुक्तिक ठरते. त्याच्या ज्या रेखाटनांवर १४६९ हे साल आहे त्यांवरील नोंदी प्रसिद्ध जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त द्यूररच्या हस्ताक्षरातील मानल्या जातात, आणि त्यांचाही या मताशी मेळ बसतो. मृत्यूचे वर्ष कोलमारच्या चर्चमधील एका नोंदीत १४८८ असे आहे; परंतु १४८९ मध्ये तो ब्रायझाख या ऱ्हाईनकाठच्या जर्मन नगराचा नागरिक असल्याचा उल्लेख मिळत असल्याने १४९१ हेच वर्ष आता सामान्यतः स्वीकारले जाते.

त्याची सु. ११६ उत्कीर्णने ज्ञात आहेत. त्यांपैकी एकावरही साल नाही. मात्र जवळजवळ सर्वांवर त्याची ‘एम’ व ‘एस’ ही आद्याक्षरे आहेत. त्यांच्या मध्ये क्रुसासारखी खूण आहे. मोजक्या ठशांत ‘एम’च्या बाजूच्या रेषा उभ्या, तर बहुसंख्य ठशांत तिरप्या असल्यामुळे पहिला गट आधीचा समजतात. कालक्रम ठरविण्यास हा एक आधार असला, तरी शैलीची साक्ष सोडून केवळ त्यावर विसंबणे धोक्याचे होय.

ताम्रपट-उत्कीर्णनात टोकदार पोलादी कोरणीने तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर खाचा पाडतात, त्यांत शाई भरून पृष्ठभाग पुसतात आणि ओलसर कागद दाबून ठसा घेतात. सोनारकामात बसलेला हात शोनगाउअरला येथे उपयोगी पडला. वस्तूच्या गोलाईनुसार वळणाऱ्या समांतर रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या रेषांचे दाट-विरळ जाळे यांच्या साह्याने त्याने छायाप्रकाश साधला. ‘संत अँथनीचा छळ’ या चित्रात काटेरी, खवलेदार, पंखांचे राक्षस संताला अधांतरी ओढत आहेत. खवले, केस व कातडी यांसाठी रेषेची जात प्रत्येक ठिकाणी बदलते. संताचा चेहरा मात्र शांत आहे. बाल मायकेलअँजेलोने या चित्राची रंगीत नक्कल केली व त्यासाठी बाजारात जाऊन माशांचे पर व रंग न्याहाळले, असे त्याचा चरित्रकार कोंदिवी सांगतो. अमेरिकेतील किंबेल संग्रहालयातील एक चित्र तीच नक्कल असावी, असे काही तज्ज्ञांना वाटते.

‘क्रूस वाहून नेणारा ख्रिस्त’ हे त्याचे सर्वांत मोठे उत्कीर्णन. धूपपात्र व धर्मगुरूचा दंड यांची त्याने कोरलेली चित्रे सोनारांना नमुने म्हणून उपयोगी पडण्यासारखी आहेत. त्याच्या ठशांच्या नकला बऱ्याच निघाल्या. समकालीन जर्मन उत्कीर्णक इझ्राएल फान मेकेनेमने तर त्या सर्रास केल्या. द्यूरर १४९२ मध्ये त्याला भेटण्यासाठी कोलमारला आला, पण शोनगाउअर तोवर निवर्तला होता. त्याच्या भावांनी पाहुण्याचे स्वागत केले.

चित्रे थोडीच उरली आहेत. ‘गुलाबवाटिकेतील माता मेरी’ (१४७३) हे कोलमारमधील चित्र पुढे कडांनी कापले गेले. मूळ मांडणी बॉस्टन येथील एका लहान नकलेवरून कळते. ब्रायझाखच्या चर्चमधील ‘अंतिम न्याय’ ही भित्तिचित्रे त्याच्या अखेरच्या काळातील असून ती आता बरीच पुसट झाली आहेत.