नंबर रेस (संगणकीय खेळ)

चार ते आठ वर्षांच्या मुलांची संख्यांची जाण पक्की व्हावी म्हणून फ्रान्समध्ये तयार झालेला मोफत संगणकीय खेळ. ॲना विल्सन आणि मेंदूसंशोधक स्तानिस्लास दहान यांनी तो रचला. त्यामागची तत्त्वे आणि पहिली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. मूळ हेतू डिस्कॅल्क्युलिया असलेल्या, म्हणजे एरवी हुशार असूनही आकडेमोड जमत नाही अशा मुलांना मदत करण्याचा होता. पुढे तो बालवाडीच्या वयाच्या मुलांवरही वापरून पाहिला गेला.

बालवाडीतले मूल पन्नासपर्यंत आकडे धडाधड म्हणून दाखवते आणि घरचे खूश होतात. पण ते झाले पाठांतर. त्याच्यापुढे पाच चिंचोके ठेवावेत. एकेकावर बोट ठेवत ते बरोबर पाचपर्यंत जाते. ‘मग किती झाले?’ विचारले की पुन्हा पहिल्या चिंचोक्यापासून सुरू करते. शेवटी उच्चारलेला शब्द हीच सगळ्यांची मिळून संख्या, हे त्याला अजून उमगलेले नसते. रोशेल गेल्मन आणि सी. आर. गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वे मांडली, त्यांतले हे एक. याउलट दोन ढिगांत बराच फरक असेल, तर मोठा ढीग कोणता हे न मोजता ओळखण्याची जाण तान्ह्या बाळातही दिसते. ही उपजत जाण आणि ‘५’ हे चिन्ह किंवा ‘पाच’ हा शब्द यांची सांगड बसवायची, हे नंबर रेसचे मुख्य काम.

पडद्यावर सोन्याच्या नाण्यांचे दोन ढीग येतात. मोठा ढीग मुलाने पटकन निवडायचा. उरलेला प्रतिस्पर्ध्याला जातो. मूल डॉल्फिन, तर प्रतिस्पर्धी खेकडा. मग जितकी नाणी तितकी घरे पुढे सरकायचे. खेळ जमू लागला की ढिगांच्या जागी आकडे येतात, पुढे छोट्या बेरजा-वजाबाक्याही, आणि विचार करायला मिळणारा वेळ घटतो. मुलाची साधारण ७५ टक्के उत्तरे बरोबर येतील अशा बेताने प्रोग्राम प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी ठरवतो. संगणकाची खरी कमाई इथे आहे, चित्रांत आणि टाळ्यांच्या आवाजात नाही. तीस मुलांच्या वर्गात बाईंनी प्रत्येकासाठी असा हिशेब ठेवणे अशक्यच.

पहिल्या चाचणीत सात ते नऊ वर्षांची फक्त नऊ मुले होती. रोज अर्धा तास, आठवड्यातून चार दिवस, पाच आठवडे ती खेळली. वजाबाकी सुधारली, लहान संख्या ओळखण्याचा वेगही वाढला; मात्र तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने त्यावरून फार काही म्हणता येत नाही. फिनलंडमध्ये पेक्का रासानेन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर तो वापरला, तेव्हा संख्यांची तुलना सुधारली, बाकी गणित जवळपास तिथेच राहिले. असे खेळ जे घोटून घेतात तेवढेच सुधारते, त्यापलीकडे फार झिरपत नाही.

शिवाय संगणकाशिवायही हे होऊ शकते. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या मुलांना एका सरळ ओळीतल्या १ ते १० घरांच्या पटावर खेळवले. तीनच्या घरातून दोन घरे सरकताना ‘एक, दोन’ न म्हणता ‘चार, पाच’ म्हणायचे, एवढाच नियम. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठकींनी झालेला फायदा नऊ आठवड्यांनंतरही टिकला होता. आकड्यांऐवजी रंगांच्या पटावर खेळलेल्यांना तो मिळाला नाही. आपल्या सापशिडीत आकडे असतात, पण रांग दर दहा घरांनी उलटी वळते आणि साप मागे ओढतो.

नंबर रेसचा पट ४० घरांचा. मराठीत असा खेळ करायचा तर नुसता आवाज बदलून भागणार नाही. ‘पंचवीस’ बोलताना पाच आधी येतात, लिहिताना दोन. ‘एकोणतीस’ म्हणताना तर अजून न आलेल्या तिसाचा आधार घ्यावा लागतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली आणि त्यावरून मोठा वाद झाला, त्याचे मूळ याच अडचणीत होते. दहापर्यंतच्या घरांना मात्र ती आड येत नाही, आणि चार वर्षांच्या मुलाचा बहुतेक खेळ तेवढ्यातच चालतो.